एक्केचाळीस नंबरचं बाळ

बिरप्पाच्या लेकीनं भिंत खाल्ली होती.

सगळी नव्हे. चुलीच्या डाव्या अंगाला, बसल्या जागेवरून तोंड पोचेल एवढ्या उंचीवर, ताटलीएवढा खळगा. वरचं पांढऱ्या मातीचं लिंपण गेलं होतं आणि आतले दगड दिसायला लागले होते. चाळीच्या मालकानं येऊन पाहिलं, घूस लागली असं ठरवलं आणि पिंजरा लावून गेला. पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला होता. तो तुकडाही तिनंच, चंद्रव्वानं, खाल्ला.

ही हकीकत बिरप्पाला सांगितली ती चंद्रव्वाच्या सासूनं, अंबुबाईनं, आणि अगदी हसत हसत सांगितली. पोटुशी बाई माती खाते यात नवल ते काय, आपण स्वतः भिमाच्या वेळेला अख्खा रांजण चाटून पातळ केला होता, असंही ती म्हणाली. भिमा म्हणजे तिचा मुलगा, बिरप्पाचा जावई. तो तिथंच बसला होता. आपल्या जन्मापायी घरातला रांजण गेला, हे ऐकून तो जरा ओशाळला.

बिरप्पा हसला नाही. तो धनगर होता. साठ मेंढरं घेऊन तो त्या माघात सोरेगावच्या शिवारात उतरला होता. मेंढरं एका शेतकऱ्याच्या रानात बसवायची, त्याच्या रानाला खत मिळायचं, ह्याला जोंधळे मिळायचे. तिथनं सोलापूर शहर चालत तासाभरावर. लेकीला बघून यावं म्हणून तो आला होता आणि लेक अजून गिरणीतनं सुटायची होती. म्हणून तो भिंतीकडं बघत बसला. मेंढी माती चाटायला लागली की तिच्या अंगात काय कमी पडलंय, हे त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं. पण मेंढीला कुणी पिंजरा लावत नाही.

सांजेला चंद्रव्वा आली. सातवा सरत आला होता. ती उंबऱ्यापाशी थांबली, चौकट धरली, दोन दम घेतले आणि मग आत आली. बिरप्पानं तिला ‘कशी हाईस’ असं विचारलं नाही. त्यानं उठून तिच्या डोळ्याखालची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. आत लाल दिसायला पाहिजे तिथं जुन्या कवडीसारखं पांढरंफटक. मग खाली बसून त्यानं तिच्या पावलावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. पीठ मळताना राहतो तसा.

“काय जनावर तपासल्यागत करताय, पाव्हणं,” अंबुबाई म्हणाली.

बिरप्पानं विचारलं, ही खाते काय? अंबुबाईनं बोटांवर मोजून सांगितलं. सकाळी अर्धी भाकर, सांजेला अर्धी. दूध बंद, कारण दुधानं मूल पोटात चिकटतं. शेंगा बंद, गूळ बंद, कारण मूल धष्टपुष्ट होतं. नववा लागला की नुसती कण्हेरी, म्हणजे कण्यांची पातळ पेज. पोट रितं असलं तर मुलाला आत हातपाय पसरायला जागा राहते आणि मूल लहान राहतं, म्हणजे बाई झटक्यात मोकळी होते. आपली सगळी बाळंतपणं अशीच झाली, एकदाही अडली नाही.

आता ही बाई दुष्ट असती तर बिरप्पाचं काम सोपं होतं. पण अंबुबाई स्वतःच्या ताटातली भाजी सुनेला वाढायची. भाकरी तेवढी मोजून. तिची थोरली बहीण रत्नम्मा तीन दिवस अडून, अंबुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून गेली होती. मूल मोठं होतं, असं सुईण म्हणाली. त्या दिवसापासून अंबुबाईनं ठरवलं होतं की आपल्या घरात मोठं मूल जन्मणार नाही. ते तिनं चोख पाळलं होतं.

बिरप्पानं आवाज न चढवता म्हटलं की लेकीला माझ्याबरोबर तळावर पाठवा, दोन महिने खाईल, निजेल, बाळंत होऊन येईल.

अंबुबाईनं कानांवर हात ठेवले. कारण पहिलं मूल तळावरच झालं होतं, गेल्या साली. बिरप्पाच्या विधवा बहिणीनं, मायाक्कानं, ते हातात घेतलं होतं. दोन्ही हात लागले नव्हते, एकच पुरला होता. नऊ दिवस जगलं. तेव्हापासून साऱ्या चाळीचं मत पडलं होतं की धनगराच्या तळावरची जागा वाईट आहे. चंद्रव्वा तिथं बाळंतपणाला गेली ती चार दिवस आधी, त्याआधीचे पावणेनऊ महिने ती ह्याच चाळीत अर्ध्या भाकरीवर आणि त्याच गिरणीत अकरा तास उभी होती, ही गोष्ट जागेच्या चौकशीत कुणी काढली नव्हती.

बिरप्पानं ती आता काढली. अंबुबाईनं ती ऐकून घेतली आणि म्हणाली, “पाव्हणं, बाईच्या पोटापाण्यात बापयानं बोलायचं नसतंय. मेंढरं राखा.”

भिमाला विचारलं, तर तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघून म्हणाला की मामा, जागा जाईल. चंद्रव्वा गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिथं धागा तुटला की तिथल्या तिथं जोडायचा असतो, म्हणून बसायचं नसतं. बसायला काही ठेवलेलंही नव्हतं. बाई बसलेली दिसली की मुकादम नाव घ्यायचा, आणि दोनदा नाव घेतलं की जागा दुसरीला. आठव्यात, नवव्यात कुणाला सवलत आहे काय, असं बिरप्पानं विचारलं. भिमा म्हणाला, आहे की. पोट पुढं आलं म्हणून यंत्रापासून हातभर लांब उभं राहायला परवानगी आहे.

बिरप्पा पागोटं उचलून बाहेर पडला. तो इतका संतापला होता की वाटेत एका बैलाला त्यानं वाट दिली नाही, आणि बैलानंच दिली.

त्याच्या डोक्यात काळी होती. काळी ही त्याची मेंढी, आठ दिवसांपूर्वी व्यालेली. शेवटचा दीड महिना बिरप्पा तिला रोज मूठ मूठ सरकी आणि बाभळीच्या शेंगा देत होता. कळपाबरोबर तिला लांब नेली नव्हती. ओढा आडवा आला तेव्हा खांद्यावर घालून पलीकडं नेली होती. हे काही तो तिच्यावरच्या मायेनं करत होता असं नाही. गाभण मेंढीला उपाशी चालवलं की कोकरू मरतुकडं निघतं, प्रसंगी मेंढीच पाय ताणून आडवी होते, हे धनगराच्या पोराला दात यायच्या आधी कळतं. गावात गेलं की मात्र माणसाला ते कळेनासं होतं. मेंढीपेक्षा बाई शहाणी, तिला खायला कशाला लागतंय.

चाळीच्या तोंडाशी दवंडी चालली होती. पुढच्या सोमवारी शाळेच्या पटांगणात शिशुसप्ताहाचा समारंभ, सुदृढ बालकांचं प्रदर्शन, वजन करून बक्षीस, चांदीची वाटी. अध्यक्षस्थानी गिरणीचे मॅनेजर साहेब. दवंडीवाल्याशेजारी खुर्ची टाकून कमिटीचे कारकून वेणीमाधव नावं नोंदवत बसले होते. हे गृहस्थ नेटके आणि कंटाळलेले. मागच्या साली सगळी बाळं पेठेतल्या व्यापाऱ्यांचीच आली म्हणून वरून बोलणी बसली होती. यंदा कामकरी वस्तीतली दहा तरी पाहिजेत असा हुकूम होता. दोन तासांत सहा झाली होती. मान वर करून बघण्याइतकं त्या कामात त्यांना काही राहिलं नव्हतं.

बिरप्पा समोर उभा राहिला. आपल्याकडं आठ दिवसांचं एक हाय, म्हणाला.

वेणीमाधवांनी दौतीत टाक बुडवला आणि छापील रकान्यांप्रमाणे विचारत गेले. आईचं नाव? काळी. आईचा धंदा? रानात असते. वेणीमाधवांनी ‘शेतमजुरी’ लिहिलं. बापाचं नाव? ते ठाऊक नाही, बिरप्पा म्हणाला, कळपातलाच कुणीतरी. वेणीमाधवांचा टाक क्षणभर थांबला. पण ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी ‘दिवंगत’ लिहिलं. बाळाचा रंग? काळा. जावळ? लई. आईचं दूध पितं का? दुसरं काय पिणार. वेणीमाधवांना हे उत्तर फार आवडलं. पेठेतल्या बायका हल्ली डब्याचं पाजतात, असं ते आपणहून म्हणाले आणि एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी फाडून दिली.

बिरप्पानं एकही खोटं उत्तर दिलं नव्हतं. चिठ्ठी त्यानं पागोट्यात खोचली.

सोमवारी पटांगणात मांडव होता, पताका होत्या, आणि बाळंतिणीची खोली कशी हवेशीर असावी याचं रंगीत चित्र होतं. चित्रातल्या खोलीला चार खिडक्या होत्या. चाळीतल्या अख्ख्या माळ्याला तीन. मॅनेजर अध्यक्ष म्हणून गिरणीतल्या तीनशे बायांना दोन तास सुटी देऊन आणलं होतं. सुटी टाळ्या वाजवण्यापुरती होती. पुढं खुर्च्यांवर पेठेतली मंडळी, मागं बाया. बायांना बसायला सतरंजी घालायची ठरली होती, पण ती पुढच्या मंडळींच्या पायाखाली गेली. तेव्हा बाया उभ्या राहिल्या. तीनशेंमध्ये चंद्रव्वा होती, दांडीला टेकून. तिच्याशेजारी अंबुबाई आणि भिमा.

मांडवाच्या मध्ये तिकाटण्याला, तीन बांबूंच्या तिवईला, काट्याचा तराजू टांगलेला, त्याला खाली झोळी. त्याच्याजवळ दवाखान्यातल्या दाक्तरीणबाई उभ्या होत्या, दुर्गाबाई. वय तिशीच्या आत, चष्मा, पदर कमरेला खोचलेला. त्यांना दहा मिनिटं बोलायला दिली होती आणि विषय दिला होता ‘लंगोट उकळून घेण्याचे फायदे’.

आधी अध्यक्ष बोलले. सुदृढ बालक हे मातेच्या ज्ञानाचं फळ होय, म्हणाले. आमच्या कामकरी स्त्रियांची बालकं अशक्त का निपजतात, तर अज्ञान आणि आळस. ही माता नेमानं वागत नाही, शरीराला नीट विश्रांती देत नाही. इथं मुकादमानं हात वर केला आणि तीनशे बायांनी टाळ्या वाजवल्या.

बिरप्पा तिकाटण्याजवळच्या रांगेत उभा होता, घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू छातीशी धरून. ‘विश्रांती देत नाही’ हे ऐकलं तेव्हा त्याच्या हाताखाली कोकरू कळवळलं, इतकी त्याची पकड आवळली. त्यानं ती सैल केली. कोकराचा काही दोष नव्हता.

वजनं सुरू झाली. कमिटीच्या एक बाई बाळ झोळीत घालायच्या, दुर्गाबाई काटा वाचायच्या, वेणीमाधव लिहायचे. एक महिन्याच्या आतल्या बाळांत पेठेतल्या एका कापडवाल्याचं बाळ साडेआठ पौंड भरलं आणि खुर्च्यांवर कौतुकाची लाट उसळली. मग एक्केचाळीस नंबर.

बाईंनी घोंगडीसकट गाठोडं झोळीत ठेवलं आणि म्हणाल्या, जावळ किती दाट आहे गं. दुर्गाबाईंनी काटा वाचला. घोंगडी वजा जाता नऊ पौंड. मुकादमाचा हात वर गेला, टाळ्या पडल्या. वेणीमाधवांनी नऊचा आकडा ठळक केला, कारण हे कामकरी वस्तीतलं होतं आणि यंदा वरून बोलणी बसणार नव्हती. अध्यक्ष उठले, बाळाच्या गालाला हात लावायला पुढं झाले, आणि बाळानं त्यांचं बोट चोखायला घेतलं. मग बें केलं.

“हे जनावर आहे,” अध्यक्ष म्हणाले.

वेणीमाधव वही घेऊन धावले. नोंद रीतसर झालेली आहे साहेब, म्हणाले. आईचा धंदा, बापाचं नाव, सगळं आहे. झालेली नोंद कमिटीच्या ठरावाशिवाय खोडता येत नाही. कापडवाला उभा राहून म्हणाला की त्याच्या मुलाला कोकराच्या खाली दुसरा नंबर देणार असाल तर तो कोर्टात जाईल. पहिला नंबर कुणाचा, यावर पाच मिनिटं खरोखरची चर्चा झाली.

“व्हय, जनावर हाय,” बिरप्पा म्हणाला. तो मोठ्यानं बोलला नाही, पण रानात कळपाला हाळी घालणाऱ्या माणसाचं हळू बोलणं मांडवाच्या टोकाला पोचतं. “आठ दिसांचं वहीत लिवून घेटलं, आता पंधरा दिसांचं झालंय. ह्याच्या आईला म्या दीड म्हैना मूठ मूठ सरकी घाटली. वढा आला तर खांद्यावर घेटली. बसली तर बसू दिली. कोण म्हणलं न्हाय, बसलीस तर तुजी जागा जाईल. ही नऊ पौंड तितनं आली. माज्या लेकीला गेल्या साली झालं ते ह्याच्या निम्म्यालाबी भरलं नसतं. नऊ दिस जगलं. ती तुमच्या गिरणीत हुबी हुती. आळस कुटं करायचा तिनं, सायेब? बसायला तर जागा न्हाय.”

मुकादमाचा हात खालीच होता. पण मागं एका बाईला वाटलं भाषण संपलं, तिनं टाळी वाजवली. मग शेजारणीनं. मग तीनशे जणींनी, आणि ह्या वेळी थांबायला कुणी सांगेना म्हणून बराच वेळ.

दुर्गाबाईंनी विचारलं, मुलगी कुठं आहे? चंद्रव्वाला पुढं आणलं. दुर्गाबाईंनी तिची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. पावलावर बोट दाबलं. मागनं अंबुबाई भिमाला म्हणाली की बघ, हीबी जनावरच तपासतीया.

“हिच्या अंगात रक्त नाही,” दुर्गाबाई म्हणाल्या. “आईला नाही तर बाळाला कुठनं येणार? ह्यांचं बरोबर आहे.” आणि लंगोटाची दहा मिनिटं त्यांनी तिथंच खर्चली. आईचं पोट रिकामं राहिलं की मूल हलकं निपजतं. हलक्या मुलाच्या अंगात ऊब टिकत नाही, त्याला दूध ओढायचं बळ नसतं. आठवड्यात जातं ते नजर लागून नव्हे. आणि माती खाणं हा डोहाळा नव्हे, रक्त मागण्याची ती पद्धत आहे.

अंबुबाई पुढं आली. सगळ्या गिरणीदेखत तिचं घर चव्हाट्यावर आलं होतं. तिनं विचारलं की मूल मोठं झालं आणि अडलं तर कोण येणार, तुम्ही येणार? तिच्या बहिणीला कोण आलं होतं?

दुर्गाबाई म्हणाल्या की मी येईन. अडतं ते बहुतेक हाडाच्या अरुंदपणानं, किंवा मूल आडवं असल्यानं. उपाशी ठेवल्यानं हाड रुंद होत नाही, बाई तेवढी अशक्त होते, आणि अडलीच तर झुंजायला तिच्यात काही उरत नाही.

अंबुबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमाला लेकरं किती, बाई?”

“एकही नाही.”

अंबुबाईनं तीनशे बायांकडं वळून नुसतं बघितलं. बायांनी माना डोलावल्या. दुर्गाबाईंनी तीन वर्षं शिकलेलं सगळं त्या एका प्रश्नात वाहून गेलं. बिरप्पानं कपाळावर हात मारला.

अध्यक्षांचं म्हणणं, सभेचं काम पुढं चालावं, जनावर बाहेर जावं, आणि बायांचे दोन तास संपत आले आहेत. ते बोलायला उभे होते, म्हणून त्यांची खुर्ची रिकामी होती. लाल गादीची, हाताची. चंद्रव्वा त्या खुर्चीपाशी उभी होती. तिनं एकदा खुर्चीकडं बघितलं आणि बसली.

बसली म्हणजे पूर्ण बसली, पाठ टेकून. मुकादम वाकून तिच्या कानाशी म्हणाला की ऊठ, साहेबांची आहे. ती उठली नाही. म्हणाला, नाव घेईन. मग म्हणाला, जागा जाईल. भिमा लांबून हातानं खुणावत होता की ऊठ गं.

“जाऊ द्या जागा,” चंद्रव्वा म्हणाली. “म्या उठत न्हाय. दीड वर्सं झाली, म्या बसले न्हाय.” मग बापाकडं वळली. “आप्पा, भाकर हाय का?”

बिरप्पाच्या फडक्यात होती. दोन भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. त्यानं फडकं तिच्या मांडीवर सोडलं. आणि शिशुसप्ताहाच्या समारंभात, अध्यक्षांच्या खुर्चीत बसून, पताकांखाली, चंद्रव्वानं जेवायला सुरुवात केली. ती घाई करत नव्हती. एक एक घास चटणीला लावून, चावून चावून खात होती. अध्यक्ष उभे होते. सोलापुरात आजवर त्यांच्यावर अशी पाळी आली नव्हती, आणि ह्या प्रसंगी काय करायचं ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पोटुशी बाईला जेवताना हात धरून उठवणं तीनशे बायांच्या देखत कुणाला जमेना. पहिली भाकर संपली. तिनं दुसरी घेतली. मांडवात फक्त तिच्या चावण्याचा आणि मधूनच कोकराचा आवाज.

अंबुबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. घास गिळताना सुनेचे डोळे मिटत होते. घरात ती असं कधी जेवली नव्हती. घरात जेवायला इतकं नव्हतंच.

दुसरी भाकर संपल्यावर चंद्रव्वा उठली आणि घरी न जाता बापाबरोबर सोरेगावच्या वाटेला लागली. चांदीची वाटी कापडवाल्याला मिळाली. गिरणीतली जागा त्याच दिवशी दुसऱ्या बाईला मिळाली. तीही पोटुशी होती.

भिमा दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन तळावर आला, बायकोची लुगडी ठेवली आणि निघून गेला. मग दर रविवारी यायला लागला. बायको खाताना बघत बसे. दूध, भाकरी, हरभऱ्याची भाजी, आठवड्यातून दोनदा काळीज. मायाक्का तिला काम लावत नव्हती. पहिले पंधरा दिवस चंद्रव्वा नुसती झोपली. बिरप्पाचा राग मात्र झोपला नाही. तो मेंढरांना शिव्या देई, मायाक्काला देई, अध्यक्षांना देई, अंबुबाईला तर सकाळी उठल्याबरोबर चूळ भरायच्या आधी देई. मायाक्का म्हणाली, दादा, पोरगी तर सुधारतीया, आता कुणावर चिडतोस? तो त्यावर तिच्यावर चिडला.

चैत्रात चंद्रव्वा बाळंत झाली. मुलगी. मायाक्काच्या हातावर, अडली नाही, मात्र झटक्यातही झाली नाही. दुपार ते दिवेलागण. दुर्गाबाई कबूल केल्याप्रमाणे टांग्यातनं आल्या, त्या जरा उशिरा. येताना काटा आणला होता. बाभळीच्या फांदीला टांगला. सहा पौंडांना दोन औंस कमी. पहिल्या मुलाला दूध ओढता येत नव्हतं. हिनं दाक्तरीणबाईंच्या चष्म्याची काडी धरली ती सोडेना.

बाराव्या दिवशी अंबुबाई आली. एकटी, चालत, उन्हातनं. बिरप्पा बाभळीखाली लोकर कातरत होता. तिला येताना बघून त्यानं दोन महिने घोकलेलं सगळं तोंडात गोळा केलं. नऊ दिवसांचं ते पहिलं, अर्धी भाकर, जागा वाईट म्हणून केलेली बदनामी, मेंढरं राखा म्हणालेली, सगळं. ती बसू दे, पाणी पिऊ दे, मग सोडायचं.

अंबुबाईनं पाणी घेतलं नाही. मायाक्कानं मूल तिच्या मांडीवर दिलं. तिनं ते दोन्ही हातांवर उचललं आणि तशीच धरून राहिली. एकदा वर केलं, खाली केलं. भाजी घेताना बाया करतात तसं.

“एवढं जड असतंय व्हय,” ती म्हणाली.

तिनं मूल परत मांडीवर घेतलं.

“मला सा झाली,” अंबुबाई म्हणाली. “एक भिमा ऱ्हायला, एक त्याची भन. चार गेली. कुणी सातव्या दिशी, कुणी म्हैन्यात. असं एक बी हाताला लागलं न्हाय. म्या म्हणायची, माजं कवा अडलं न्हाय.” तिनं मुलीची टाळू हुंगली. ती बाळंतपणं मोजत आली होती; मुलं तिनं आज पहिल्यांदा मोजली.

बिरप्पाच्या तोंडातलं सगळं तिथंच राहिलं. त्याला वाटलं, आता ही रडेल. पण अंबुबाई रडणाऱ्यातली नव्हती. तिनं मान वर केली तेव्हा ती त्याच्यापेक्षा जास्त चिडलेली होती.

“तुमाला ठावं हुतं,” ती म्हणाली. “मेंढराचं ठावं हुतं न्हवं, चाळीस वर्सं? मग पयल्या वक्ताला का बोलला न्हाईसा?”

बिरप्पाच्या हातातली कातर थांबली. गेल्या साली, सहाव्यात, मंगळवारच्या बाजारात लेक त्याला भेटली होती. लोकरीच्या गाठोड्यांपाशी घटकाभर उभी होती. तेव्हाही तिच्या पायाला सूज होती, तेव्हाही ओठ पांढरे होते, आणि त्यानं एका नजरेत ओळखलं होतं. मग त्यानं तिला बांगड्या भरल्या आणि लोकरीचा भाव पडला असं काहीतरी बोलला. पोरीला खायला घालता का, असं विहिणीला कसं विचारायचं. बायकांचं बायका बघतील. मेंढी असती तर बाजारातनंच उचलून आणली असती.

त्या वेळी त्याला कुणी गप्प बसवलं नव्हतं. बापयानं बोलू नये, असं म्हणायलाही तिथं कुणी नव्हतं.

“बोला की,” अंबुबाई म्हणाली.